वडापसारखी दिसणारी गाडी

आमच्या जुन्या गाडीत सासूबाईंना बसवायचं म्हणजे तिघांचं काम होतं. आधी त्यांची पाठ सीटकडे करायची. मग नवऱ्यानं त्यांना काखेत धरून हळूहळू खाली सोडायचं, डोकं टपाला आपटू नये म्हणून मी वर हात आडवा धरायचा, आणि सासऱ्यांनी एकेक पाय उचलून आत ठेवायचा. गाडी छोटी आणि बुटकी. लग्नानंतर मी तिच्यावरच चालवायला शिकले होते, त्यामुळं तिच्यावर माझा जीव होता. पण आईंचे गुडघे वाकेनासे झाले आणि ती गाडी त्यांच्यासाठी खड्डा झाली.

मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. विट्याला त्यांच्या धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. उमेदीची सगळी वर्षं परमुलखात सोनं गाळून शुद्ध करायचं, गलाईचं दुकान चालवून भाऊ गावी परतला होता. आईंनी आहेराचे कपडे हौसेनं आणून ठेवले, आणि त्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "मला जरा कणकण वाटतीया. तुमी जाऊन या." मी कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

नवी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. सासरे फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना डोंगर चढेल अशी उंच, जाड चाकांची गाडी हवी होती. नवऱ्याला छत उघडणारी. शोरूमला निघताना मी म्हणाले, "आईंनाही नेऊया."

"तिला कशाला तरास?" सासरे म्हणाले.

"अण्णा, त्यांना बसता येतंय का, हे त्या बसल्याशिवाय कसं कळणार?"

साताऱ्यातल्या शोरूममध्ये टायवाल्या मुलानं आधी उंच गाडी दाखवली. आईंनी पाय उचलला, तो पायरीपर्यंतही गेला नाही. मग लांबलचक, देखणी गाडी दाखवली. तिच्यात त्या धपकन बसल्या, पण काढताना जुन्या गाडीपेक्षा जास्त झटापट झाली. सगळं शोरूम आमच्याकडं बघत होतं. आईंनी पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला आवडंल ती घ्या. मी काय, घरीच असती."

मला ते वाक्य सहन झालं नाही. मी तडक बाहेर आले. मागच्या अंगणात एक चौकोनी, ठोकळ्यासारखी गाडी धुवून उभी होती. मागचं दार बाजूला सरकणारं, खालची फरशी सपाट, आणि सीट बरोबर घरातल्या खुर्चीएवढी उंच.

"मॅडम, ही ट्रॅव्हल्सवाले घेतात. घरच्यासाठी कुणी विचारत नाही," तो मुलगा म्हणाला.

नवरा मागोमाग आला होता. "अगं, ही वडापची गाडी! रस्त्यानं जाताना लोक सीट मिळेल म्हणून हात करतील."

"केला तर करू देत," मी म्हणाले.

ती गाडी दुसऱ्याच गिऱ्हाइकाची होती. बसून, चालवून बघायची तर सांगलीला जावं लागणार होतं. आई तयार नव्हत्या. मी दोन दिवस त्यांच्या मागं लागले. शेवटी त्या म्हणाल्या, "चल बाई, तुजं मन राखती." त्या रविवारी जुन्या गाडीतनंच आम्ही सांगलीला निघालो. कराडला आम्ही चहाला उतरलो. त्यांनी आपला कप गाडीतच मागवून घेतला.

सांगलीतल्या शोरूमच्या दारात तशीच एक गाडी आणून लावली. मी दार सरकवलं. नवरा सवयीनं पुढं झाला, सासरे पाय उचलायला वाकले. आईंनी दोघांना हातानं थांबवलं. काठी दाराला टेकवली, वरचा दांडा धरला, पाठ वळवली आणि बसल्या. नुसत्या बसल्या. मग एक पाय आत घेतला, थोडं थांबून दुसरा घेतला. त्यांना कुणाचा हात लागला नव्हता.

आई इकडंतिकडं बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "थांबा, परत बगती." खाली उतरल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उतरल्या. लहान मुलीनं झोक्यावर चढावं तसं चाललं होतं, आणि चेहरा असा फुलला होता की मी त्यांना पहिल्यांदा बघायला आल्यासारखी बघत राहिले.

सासऱ्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली. "बस्स. हीच फायनल."

"अण्णा, डोंगर चढायचा होता ना?" नवऱ्यानं विचारलं.

"डोंगरावर काय हाय रं? दगडं."

चालवून बघण्यासाठी शोरूमच्या माणसानं चावी नवऱ्यापुढं धरली. तोवर परत आत जाऊन बसलेल्या आईंचा आवाज आला, "आवं, तिच्याकडं द्या. मला तीच फिरवणार हाय."

मी सांगलीच्या गर्दीतनं ती ठोकळ्यासारखी गाडी अशी चालवली, जणू माझीच मिरवणूक निघाली होती.

गाडी घरी आल्यावर पहिली फेरी विट्याला, हे ठरवायची गरजच पडली नाही. भावाच्या दारात पोचलो, तर आत उचलून न्यायला तो आणि त्याचा मुलगा खुर्ची घेऊन उभे.

"ती ठिवा तिकडं," आई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. भाऊ तसाच खुर्ची धरून उभा राहिला. आईंनी काठी टेकत नवं घर फिरून बघितलं, स्वैपाकघराची खिडकी लहान झाली म्हणून नावं ठेवली, आणि वास्तुशांतीपासून जपून ठेवलेला आहेर त्याच्या हातात दिला. भाऊ डोळे पुसत हसत होता.

जेवणं झाल्यावर त्यांनी भावजयीला उठवलं. तिचेही गुडघे तसलेच. "चल गं, बांगड्या भरून येऊ." दोघी आपापल्या बसल्या आणि मी गाडी बाजारात नेली. कितीतरी वर्षांत आईंनी स्वतः दुकानात बसून बांगड्या भरल्या नव्हत्या. कुणीतरी आणायच्या आणि आईंनी घरी घालायच्या. दुकानात त्यांनी रंग बघितले, नग हलवून बघितले, घासाघीस केली. दुकानदार ऐकेना. आई उठल्या, भावजयीला घेऊन गाडीत येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "फुडच्या दुकानाकडं घे."