खडूची खूण

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजचा आमचा मिस्त्री कानावर कायम खडू ठेवायचा. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना जोडावरून रेघ मारायची, म्हणजे बसवताना तो होता तसाच बसतो. कुणी विसरला की ओरडायचा, "अरे, पत्रिका न बघता लग्न लावतोस काय?"

माझ्या जुन्या पिकअपच्या पुढच्या शाफ्टचा सांधा त्याने बदलला. त्यानंतर पुढची चाकंही ओढायला लावणारा फोर-व्हीलचा गिअर टाकला की गाडी थरथरायची. तीन दिवस तो चाकं, बेअरिंगं तपासत राहिला. चौथ्या दिवशी गाडीखालून सरपटत आला आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाला, "खूण मीच विसरलेलो, साहेब. शाफ्ट चुकीचा बसवलाय."

मला रागावताच येईना. शाफ्ट फिरवून नीट बसवल्यावर त्याने खडू माझ्या हातात दिला. "आता पुढच्या वेळेसाठी रेघ तुम्ही मारा. माझा भरवसा नाही."

माझी रेघ वाकडी आली. त्याने ती पुसली नाही.