ताईच्या जिभेचं माप

आमच्या घराच्या खाली भट्टी होती. खरं म्हणजे भट्टी आधीची, तिच्या डोक्यावर घर नंतर चढवलेलं. त्यामुळे स्वयंपाकघराची फरशी बारा महिने कोमट असायची. लग्न होऊन आले ती थंडीत. त्या फरशीवर पाय टेकले आणि मला वाटलं, बाई गं, नशीब काढलंस! उन्हाळा लागला तेव्हा मात्र ते शब्द गिळावे लागले.

आता ती भट्टी नाही, पण पहाटे जाग आली की मला अजून लोणी भाजल्याचा वास येतो. नाकाला सवयी लागतात त्या सुटत नाहीत. आणि त्या वासामागोमाग आठवते ती माझी नणंद. मी तिला ताई म्हणायचे. माझ्याहून थोडीच मोठी, पण पहिल्या दिवसापासून अशी ताई झाली की मला भांडायलाही जड जायचं. भांडायचे, ते वेगळं.

कामाची वाटणी सरळ होती. सासरे, म्हणजे बाबा, भट्टीशी. ताई पीठ मळायच्या टेबलाशी. माझा नवरा बाहेरच्या दुकानांना माल पोचवायला. आणि मी पुढे गल्ल्यावर, कारण माझं तोंड बंद राहत नाही आणि गिऱ्हाइकांना तसंच माणूस लागतं.

आमची लोण्याची बिस्किटं गावभर प्रसिद्ध होती आणि ती मापानं होत नसत. बाबांचं ठरलेलं वाक्य होतं, "वजन करून बिस्कीट करणारा माणूस बिस्कीट करत नाही, विटा पाडतो." लोणी रोज सारखं नसतं, मैदा रोज सारखा नसतो, मग साखर रोज सारखी कशी, असा त्यांचा हिशेब. पण बाबांची स्वतःची चव एका मोठ्या तापात गेली ती परत आली नव्हती. तेव्हा ताई नुकती शाळा संपवून घरी बसली होती. बाबांनी तिला टेबलाशी उभं केलं आणि तिची जीभ तयार केली. रोज सकाळी ती कच्च्या पिठाची चिमूट तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून." बाबा मूठभर साखर टाकायचे. पुन्हा चिमूट. "अजून." आणि मग कधीतरी, "पुरे." ती "पुरे" म्हणाली की देवानं सांगितलं तरी बाबा त्यात साखरेचा दाणा टाकत नसत. मला तर तिचा हेवाच वाटायचा. या घरात बाबा कुणाचंही ऐकत नव्हते, तिच्या जिभेचं सोडून.

ताई दिसायला गोरीगोमटी, गालावर कायम मैद्याचा हात उमटलेला. हळूहळू ती फुगत गेली. मान काळवंडली. हनुवटीवर केस यायला लागले, ते ती पहाटे आरशापुढे चिमट्यानं उपटायची आणि मी तिकडे गेले की चिमटा ओढणीखाली. मी काही आंधळी नव्हते. पाळीचं तर विचारूच नका. महिनोन् महिने पत्ता नाही, आणि आली की अशी की बाई अंथरुणातून उठायची नाही. बाबांना आम्ही सांगायचो, "तिचं पोट दुखतंय." आमच्या घरात बायकांचं सगळं पोटातच असायचं. बाबा विचारत नसत, आम्ही सांगत नसू.

शेवटी मीच तिला ओढून डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलणं समजुतीचं. म्हणाल्या, "याला पीसीओएस म्हणतात. अंडाशयात बीजं तयार व्हायला लागतात, पण पुरती पिकत नाहीत, अर्ध्यावर थांबतात. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून हे वजन, हे केस, ही मान. घरात कुणाला मधुमेह?"

ताईनं मान खाली घातली. तिची आई मधुमेहानंच गेली होती. आधी पायाला जखम, मग पाय, मग आईच. मी सासूबाईंना पाहिलेलं नाही, फोटोतच काय ते.

"मग तुम्हाला जास्त सांभाळलं पाहिजे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे औषधानं कायमचं जात नाही, पण ताब्यात राहतं. गोड किती खाता?"

"मी बिस्कीट खातच नाही," ताई ठामपणे म्हणाली.

मला हसू फुटलं. ती खोटं बोलत नव्हती हो! अख्खं बिस्कीट तिनं जन्मात खाल्लं नव्हतं, अख्खं बिस्कीट विकायचं असतं. पण पत्र्यावरून काढताना जी मोडायची, कडेची जी करपायची, ती कुठे जायची? ताईच्या तोंडात. सकाळपासून दुपारपर्यंत हात चालू आणि तोंड चालू. भट्टीवाल्यांच्या घरात तुकड्याला कुणी खाणं म्हणतच नाही.

"डॉक्टर, अख्खं खात नाही," मी म्हटलं, "तुकडे खाते. थेंबे थेंबे तळे साचे." ताईनं टेबलाखालून माझा पाय चेपला.

तुकडे बंद झाले. पहाटेचा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट गेला, त्याच्या जागी उकडलेली अंडी आणि मूठभर शेंगदाणे आले. दुपारच्या ताटात आधी भाजी आणि काकडी-टोमॅटो, मग डाळ, आणि भात शेवटी, तोही वाटीभर. डॉक्टरबाईंनी स्नायूंना काम द्यायला सांगितलं होतं. ताईनं विचारलं, "मैद्याची पोती उचलली तर चालेल?" त्या म्हणाल्या, "कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसून उचला." झालं! पोती उचलायला माझा नवरा यायचा तो रिकामा झाला आणि खूश झाला. संध्याकाळी भट्टी निवली की आम्ही दोघी कालव्याच्या कडेनं चालायला जायचो. ती पुढे, मी मागे धापा टाकत. आजार तिला आणि घाम मला. आणि रात्री दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात ती झोपायची, कारण पहाटे उठणाऱ्यानं जागरण करायचं नाही, हेही डॉक्टरबाईंनी बजावलेलं. ते दिवस मला फार आवडतात. कालव्यावरून परतताना ती गुणगुणायची. तिला गाता येत नव्हतं, पण गुणगुणायची.

काही महिन्यांनी तिची पाळी आपण होऊन आली. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्याही. सलवारीची नाडी दोन बोटं आत आली. ताईनं मला स्वयंपाकघरात गच्च मिठी मारली.

आणि नेमकं त्याच सुमाराला मास्तर गल्ल्यावर आले. निवृत्त मास्तर, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. म्हणाले, "सूनबाई, साखर महाग झाली की काय?"

"का हो?"

"बिस्कीट अगोड लागतं हल्ली."

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. "मास्तर, वय झालं की जिभेचं असंच होतं," मी म्हटलं. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी पुडीतलं एक बिस्कीट काढून माझ्यापुढे ठेवलं. "तूच खाऊन बघ."

खाल्लं. खरंच सपक होतं. लोणी होतं, खुसखुशीतपणा होता, पण गोडवा मागे राहिला होता. त्यानंतर शिंपीणबाई तेच बोलल्या. मग माझा नवरा बाहेरच्या दुकानांतून तेच ऐकून आला.

मी आत गेले. ताईनं तेच बिस्कीट जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, "चांगलं गोड आहे की गं."

"ताई, नाहीये."

तिनं पुन्हा चाखलं. मग तिचा चेहरा उतरत गेला तो मी अजून विसरले नाही. साखर सोडल्यापासून तिची जीभ हळूहळू तिखटमीठ, काकडी, डाळ ओळखायला लागली होती. थोडी साखरही तिला पुष्कळ वाटायची. म्हणून दर आठवड्याला ती "पुरे" थोडं आधी म्हणत गेली. तिला पत्ताच नाही, कारण माप तिच्याच जिभेवर होतं. चुकीच्या काट्याला आपण चुकतोय हे कसं कळणार?

बाबा भट्टीशी उभे होते. मागे वळून न बघता म्हणाले, "जीभ बिघडली तुझी." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ताई टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. बाबांनी तिला दिलेली एकच गोष्ट होती ती, आणि तिच्या हातून ती सुटली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

पुढच्या काही आठवड्यांत बिस्किटं पुन्हा गोड लागायला लागली. मास्तर खूश. मला वाटलं, ताईनं अंदाज पकडला. पण कालव्यावर यायला ती टाळायला लागली, पाय दुखतात म्हणायची. मान पुन्हा काळवंडली. आणि पाळी चुकली. एकदा, मग पुन्हा.

एका सकाळी पुडीचा कागद आणायला मी मागच्या कोठारात गेले. ताई मैद्याच्या पोत्यांमागे खाली बसली होती. मांडीवर तुकड्यांनी भरलेला पत्रा. ती एकामागून एक तुकडे खात होती, मन लावून, औषध घ्यावं तसे. आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ताई! काय करतेस हे?"

"जीभ परत आणतेय," ती म्हणाली. "खाल्लं की बरोबर कळतं किती साखर लागते. नाही खाल्लं तर नाही कळत. दुसरं काय करू?"

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की मला जागा-वेळ दिसत नाही, हे नवऱ्यानं मला हजारदा सांगितलेलं आहे. मी पत्रा तिच्या मांडीवरून ओढला आणि तशीच बाबांपुढे जाऊन आदळला.

"हे बघा तुमच्या जिभेचं माप!" मी ओरडले. "पोट दुखत नाही तिचं, पाळी येत नाही! डॉक्टरबाईंनी सांगितलंय साखर खायची नाही, आईंसारखं होईल म्हणून. आणि ही तुमच्या बिस्किटांसाठी कोठारात बसून साखर गिळतेय! आईंचा पाय गेला, आता हिचाही जायला हवा का?"

सासऱ्यांपुढे पाळी हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता. दारात ताई उभी होती, तोंडाला तुकड्यांचा चुरा, लाजेनं लाल. मला वाटलं, आता आपली या घरातून रवानगी.

बाबांनी पत्र्याकडे पाहिलं. मग ताईकडे. मग हात धुतले. भरल्या भट्टीच्या वेळी बाबांनी हात धुतलेले मी कधी पाहिले नव्हते. ते पुढे गल्ल्यावर गेले, गिऱ्हाइकं उभी असताना माझा तराजू उचलला, वजनांचा डबा काखेत मारला आणि आत येऊन पीठ मळायच्या टेबलावर ठेवला.

"बाबा, म्हणजे माझं काम संपलं का?" ताईनं विचारलं. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"मळायचं कुणी? मी?" बाबा म्हणाले. "मळ. साखर तोलून घाल. चाखायचं हिनं." माझ्याकडे बोट. "हिचं तोंड नाहीतरी रिकामंच असतं."

"विटा होतील, बाबा."

"होऊ देत." त्यांनी पत्र्यावरचा एक तुकडा उचलला. "तुझ्या आईला भट्टीवरचा पहिला तुकडा मी भरवायचो. कौतुकानं. रोज. मला कुणी सांगितलं नाही गं. सांगितलं असतं तर मी ही भट्टी विझवून टाकली असती." एवढं बोलून ते लाकडं सारायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

पुढे आम्ही बरीच बिस्किटं वाया घालवली, ते सांगत बसत नाही. ताई वजन बदलायची, मी चाखायची आणि माझं मत बाबांना पटायचं नाही, कारण माझं कुठलंच मत त्यांना पटत नसे. मग मास्तरांना आत बोलावलं. त्यांनी एका सकाळी डोळे मिटून चावलं आणि म्हणाले, "हं. हे आपलं." ताईनं त्या दिवशीची वजनं तराजूतून उतरवलीच नाहीत, ती जन्मभरासाठी पाठ केली. लोणी बदललं, मैदा बदलला तर थोडं इकडेतिकडे करायची, पण विचारायची मला. "आज कसं आहे गं?" भट्टी होती तोवर मी सांगत राहिले आणि ती ऐकत राहिली. स्वतःचं बिस्कीट दुसऱ्याच्या तोंडानं ओळखायचं, हे मला नसतं जमलं. तिला जमलं, पण सुरुवातीला ती टेबलाशी उभी राहून ओठ घट्ट मिटून घ्यायची, ते मला दिसायचं.

कालव्यावरचं चालणं पुन्हा सुरू झालं. अंडी, डाळ, पोती, लवकरची झोप, सगळं पुन्हा पहिल्यापासून. या वेळी वेळ लागला. तिचा धीर सुटायचा, माझा आधी सुटायचा.

मग एका सकाळी ती वरून जिना उतरून आली. बाबा भट्टीतून पत्रे ओढत होते, नवरा पेट्या बांधत होता, मी पुड्या करत होते. ताई सरळ बाबांपाशी गेली आणि माझ्याकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून म्हणाली,

"बाबा, माझी पाळी आली."

माझ्या नवऱ्यानं पेटीत डोकं खुपसलं. बाबांच्या हातातला पत्रा तसाच राहिला. त्यांचे कान लाल झाले, ते भट्टीच्या धगीनं की कशानं, कोण जाणे. मग त्यांनी पत्रा खाली ठेवला, मैद्याचा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले,

"बरं झालं पोरी. फार बरं झालं. आता दर महिन्याला मला सांगत जा."

आणि ती सांगत राहिली, ते गेले तोवर.