पाळण्यासाठी नवी डिस्क

भाचीबाई, कान जरा इकडं कर. पुण्यात बसून फोनवर "मावशी, जुनं सगळं पुसून टाक आणि फोल्डरला पासवर्ड लाव" असं सांगताना काही वाटलं नाही का गं तुला? कंपनीचे एवढे कॉम्प्युटर सांभाळतेस, आता मावशीनं तिचा एक कसा सांभाळला ते ऐक.

तू टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवरच मी शिकत, चुकत विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं. गावातल्या म्हाताऱ्यांची गाणी त्यात साठवते. ओट्यावर येऊन मोबाईल वायफायला जोडला की कुणीही ऐकावीत. ज्या गावात घरांना दारं नाहीत, तिथं मी फोल्डरला कुलूप लावू? चुकलं एवढंच, की दार नसलेल्या घरात कुणी आपला पसारा आणून टाकत नाही, फोल्डरमध्ये मात्र टाकतात. कुणाच्या लग्नाचं शूटिंग, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरचे शंभर फोटो.

कळलं कधी? शेजारीण पाळणा गाऊन गेली तेव्हा. ती देवळापाशी तेल आणि रुईच्या माळा विकते. गावातल्या प्रत्येक बारशाला पाळणा तिनंच म्हटलेला. लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, आणि हिच्या गळ्यात गाठ. ऑपरेशन चार दिवसांवर. "आवाज ऱ्हाईल का न्हाई, डाक्टर बी सांगंना. माझ्या नातवंडाला माझाच पाळणा पायजे." गायली बिचारी. नंतर लावून बघते तर फाईल शून्य! डिस्क शंभर टक्के भरलेली.

"पुन्हा गावं लागंल," मी तिला सांगितलं.

"अगं बया! आन् रोज तर सांगतीस, माझ्या पेटीत सगळं गाव मावतं म्हणून!"

तेव्हा तुला फोन केला, तर तू म्हणालीस पुसून टाक. कुणाचं पुसू? गाणाऱ्या म्हाताऱ्यांतल्या तिघी आता नाहीत, त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. आणि लोकांच्या लग्नांना हात लावणारी मी कोण? सकाळच्या एसटीनं नगर गाठलं, चार टीबीची डिस्क मागितली. दुकानदार म्हणतो, "आजी, नातवाला पाठवा, तो बसवील." म्हटलं, "त्यालाही मीच शिकवणार आहे."

कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढून डिस्क जोडली. फॉरमॅटचा हुकूम चुकून जुन्या डिस्कवर सुटला तर सगळं गाव साफ, म्हणून स्क्रीनवर बोट ठेवून आकार तीनदा वाचला. जुनी एक टीबी, नवी चार. मग फॉरमॅट केली, 'आवाज' नावाच्या फोल्डरला जोडली, जुनी गाणीही तिच्यात हलवली. आता लग्नांनी जुनी डिस्क भरू दे की! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेजारीण पुन्हा गायली, आणि फाईल नीट बसली.

तिचं ऑपरेशन झालं त्याच दुपारी आमच्याकडं लाईट गेली. आली, तर 'आवाज' रिकामा! ती तिकडं नगरला गळ्याला पट्टी बांधून पडलेली, आता पुन्हा गाणार कोण? तुला फोन लावायला घेतला आणि खाली ठेवला. तू "सांगितलं होतं ना" म्हणाली असतीस! पाणी प्याले, परत बसले. डिस्क तर दिसत होती, फक्त फोल्डरला जोडलेली नव्हती. मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठं जोडायची ते एका यादीत वाचतं, आणि त्या यादीत मी नवी डिस्क लिहिलीच नव्हती. एक ओळ लिहिली. मुद्दाम बंद करून पुन्हा चालू केलं. पाळणा जागच्या जागी.

परवा ती घरी आली. अजून बोलायची मनाई आहे, पोरांच्या पाटीवर लिहून सांगते. पाळणा लावला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला, आणि पाटीवर काय लिहावं? "सूर वर लागलाय. पुसून टाक."

तिलाही नाही म्हटलं मी.

हा पाळणा तुला मोबाईलवर पाठवणार नाही, मागूच नकोस. बाळ आलं की बारशाला ये, तिच्या मांडीला मांडी लावून ऐक. त्याच्या आधीच ये, डिस्कही दाखवते. लवकर ये गं.