कर्दळीपर्यंत न पोचलेलं पाणी

दुपारी नर्सरीत गिऱ्हाईक नसतं. कर्दळीच्या वाफ्याजवळ बसलं की डोळे जड होतात. खडीखालून पाणी चालतं ते ऐकू येत नाही, तरी मी कान देऊन असतो.

लातूरच्या आमच्या वस्तीचं सांडपाणी शुद्ध करायचं ठरलं, तेव्हा या वाफ्याला जागा मी दिली. फुकट नाही. खडीतून, कर्दळीच्या मुळांतून गाळून निघालेलं पाणी माझ्या रोपांना मिळेल, हा सौदा भांडभांडून पक्का केला. उद्घाटनाला मात्र मला मागच्या खुर्चीत बसवलं, आणि पाटीवर जागा देणाऱ्याचं नावच नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कर्दळ सुकली. सौद्याच्या भरवशावर मी टँकर बंद केला होता. आंब्याची कलमं माना टाकायला लागली. वाफा बांधणाऱ्या इंजिनिअरसाहेबांनी सगळे पाइप तपासले. पाइप चांगले होते. त्यांतून पाणीच येत नव्हतं.

मी तणतणत गल्लीत शिरलो. शेजारच्या खाला दारातच होत्या.

"खाला, पाणी कुठं जिरवायलात तुम्ही?"

"वरडू नको. अंघोळीचं कपड्याला, कपड्याचं फरशीला, फरशीचं अंगणात. मोरीत पडायला उरतंय काय? इतकी वर्सं टँकरमागं पळालो. आता तुझा साहेब म्हणतो, सांडा. हात होत न्हाई बाबा."

राग गिळून मी सौद्यावर आलो. "फरशीचं तेवढं मोरीत ओता. घरटी एक मोगरा देतो."

"आन कढीपत्ता."

"दोन्ही कसे परवडतील?"

"मग अंगण काय वाईट हाय आमचं?"

मी बराच वेळ भांडलो. दोन्ही द्यावे लागले.

कलमांना आता तांबूस पालवी आहे. उन्हाच्या गुंगीत वाटतं, अख्ख्या गल्लीचा दिवस माझ्या पायाखालून सावकाश सरकतोय: कुणाची अंघोळ, कुणाची लुगडी, खालांची फरशी.

पाटीवर नाव अजून नाही. पण कुणाकडे पाहुणे उतरणार असले, की खाला भिंतीपलीकडून हाक देतात, "उद्या पाणी लई येईल रे!"

मग मी आदल्या दिवशीच कलमांभोवतीची आळी मोकळी करून ठेवतो.