भांड्यावरचं नाव

माझ्या बायकोच्या मामांनी मला फसवलं, आणि पोलीस चौकीने माझी भांडी स्वतःच्या हाताने त्यांच्या हवाली केली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामांचीही बाजू ऐका, असं कोणी म्हणायला नको.

नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं तेव्हाची गोष्ट. इतवारीत मी लग्नकार्यासाठी भांडी भाड्याने देत असे. भांडवल एवढंच, माझ्या लग्नात मामांनी आंदण दिलेला पितळेचा संच: मोठे गंज, पराती, पाण्याचे गुंड. मामा एकच गंज देणार होते. मी रुसून पंगतीत बसलो नाही, तेव्हा सगळा संच निघाला. त्यात गैर काय? घासाघीस करूनच मी पोट भरत आलो.

एके दिवशी दुकानाचं कुलूप फोडून चोराने सगळी भांडी नेली. मी चौकीत रपट लिहवली. जमादाराने विचारलं, "खूण काय हाये?"

"प्रत्येकावर मामांचं नाव कोरलं हाये."

"मंग सापडलंच समज गा!"

जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या कासारांना जमादाराची ताकीदच होती: नावाचं भांडं विकायला आलं की भावात घोळ घालून माणसाला बसवून ठेवा, अन् चौकीत निरोप धाडा. चोर तसाच एका कासाराच्या दुकानात सापडला, मालासकट. पद्धत चोख होती, मी नाही म्हणत नाही. पण माल न्यायला जमादाराने मामांना बोलावलं.

कळताच मी चौकीत धावलो. "रपट मी लिहवली, अन् भांडे त्यायले काहून देल्ले?"

"नाव त्यायचं हाये."

"अहो, आंदणावर देणाऱ्याचंच नाव राहते! तुमच्या घरचा तांब्या पाहा, सासऱ्याचं नाव असन!"

शिपाई हसले. जमादार लाल झाला. "मामा म्हणतात, वापराले देल्ले होते. तुले पटत नसन तं कोर्टात जा."

कोर्टात जायला वकील लागतो, आणि माझ्यापाशी उरलं होतं फक्त तुटकं कुलूप.

बायकोला घेऊन मामांकडे गेलो. तिने त्यांचे पाय धरले. "मामा, यायनं दोन लग्नांचं काम घेतलं हाये. भांडे नाही पोचले तं बाजारात यायले कोणी उभं नाही करणार. आमी खावं काय?"

"तू इथं येऊन जेवत जा, पोरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, मांडवात तुम्ही अडले होते. आता मी अडलो."

मी अंगावर धावलो. बायकोने कमरेला मिठी मारून मला बाहेर ओढलं.

दोन्ही लग्नांना दुसऱ्याची भांडी गेली. माझा शब्द गेला, मग दुकानाची जागा गेली. बायको तेव्हापासून मामांच्या दारात गेली नाही, आणि माझ्याशीही धड बोलली नाही.

मामांना काही विचारत नाही. त्यांनी दावा साधला. मला जाब हवा आहे जमादाराचा. आंदणाची रीत तुला ठाऊक होती. मग रपट लिहवणाऱ्याला न बोलावता माल का सोडलास? माझ्यासमोर उभा राहा आणि सांग.