पाठच्या खोलीतलं सारवण

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवचार, चकवा, सगळं ऐकलं. पाहिलं काहीच नाही. शिकले चौथीपर्यंत, पण हे घडलं तेव्हा डोळे धड होते... म्हणून लिहिते.

स्वातंत्र्याच्या दहा-बारा वर्षं आधीची गोष्ट. रत्नागिरीत कोर्टात आलेली पोरं ठेवायचं एक घर होतं. मी तिथे जेवण करायची. हेदवीकडची अकरा वर्षांची गंगी आली — शेजाऱ्याची गवताची उडवी पेटवली म्हणून. का पेटवली, सांगेना. पोरं तपासायला मुंबईहून एक डॉक्टरसाहेब येत. लाकडी ठोकळे जुळवायला देत, प्रश्न विचारत, रिपोर्ट लिहीत. त्यावर ठरायचं — पोर घरी जाणार, की काही वर्षं सुधारगृहात. गंगीला बाप नव्हता, आई अंथरुणाला खिळलेली. लक्षण बरं नव्हतं.

पाठची खोली सारवायचं काम गंगीकडे. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर शेणाच्या सारवणात दोन हातांचे फराटे. एक लहान हाताचे. दुसरे बाईमाणसाचे, रुंद, आणि त्यांत मधल्या बोटाची रेघच नाही.

"कोण आली होती गो मदतीला?"

"आय. तिचं मधलं बोट इळ्यानं गेलंय."

"आय तिकडं पडून हाय, नि हितं सारवते? थापा मारतेस."

"नका मानू."

नेमके साहेब दारात उभे. "खोटं बोलते का ही?"

"बोलते," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावरच बसले. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज. गंगी भिंतीकडून सारवत मागे मागे येत होती. एकटी. तिचा हात फिरला की शेजारी दुसरा फराटा उमटत होता — रुंद, मध्ये रेघ नसलेला. मी तिचं मनगट धरलं. तो फराटा तेवढा पुरा झाला, मग थांबला.

"सोडा काकी, सुकेल," गंगी म्हणाली.

मी तशीच साहेबांकडे गेले. "काल मी चुकीचं सांगितलं. मोठे फराटे माझे."

साहेब येऊन वाकून बघत राहिले. "बाई, तुमची बोटं तर पाच आहेत."

"एक दुमडून सारवते."

"का?"

"खोड."

"मग आई येते असं ती का म्हणाली?"

"अकरा वर्षांची आहे. आई हवीशी वाटते. तुम्हाला वाटत नव्हती?"

साहेबांनी रिपोर्टचा कागद काढला. मग कालची ओळ खोडली.

गंगी सुटली. तिला पोचवायला मीच गेले. आईने पडल्या पडल्या हात जोडले, बोट नव्हतंच. गंगीने मला पेज वाढली. बाई, तू येत होतीस का, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं... नाही विचारलं. नाही म्हणाली असती, तर मी काय पाहिलं? आणि हो म्हणाली असती, तर पुढे काय बोलायचं?

बाई जिवंत होती, तेव्हा भूतही म्हणता येत नाही. मग काय म्हणायचं, ते मला अजून ठाऊक नाही.