दीपगृहाच्या पिक्चरचा शेवट

माझ्या लोसा आत्याला पिक्चरमधलं काय कळतं, असं आमच्या बेटावरच्या नेइआफू गावात विचारायची कुणाची छाती नाही. ती माझ्या बाबांची थोरली बहीण, आणि आमच्याकडे आत्या म्हणजे घरातलं शेवटचं कोर्ट. तिच्यापुढे पाद्रीबाबासुद्धा हळू बोलतात.

मतं मात्र रोखठोक. परवा रताळी सोलताना म्हणाली, "हल्लीच्या पिक्चरात सगळे उडतात. उडा बाबांनो! पण जेवता कधी? अख्ख्या पिक्चरात एकानं घास खाल्ला नाही. उपाशी माणूस मेला तर मी कशाला रडू? तो मरणारच होता."

जुने घोडेवाले पिक्चर तिला पसंत, कारण त्यात लबाड माणूस टोपीवरूनच ओळखू येतो. भुताच्या पिक्चरांवर तिचा राग. "घरात खुडबुड झाली की ही बया एकटी तळघरात उतरते! अगं, शेजारणीला हाक मार की!"

पण दीपगृहाच्या पिक्चरचा विषय निघाला की आत्या मांडी सावरून बसायची. नवरा होडी घेऊन समुद्रात जातो, वादळ होतं, बायको दीपगृहात दिवा लावून वाट बघते. आत्या म्हणायची, "तो परत येतो. मी पाहिलंय." माझे बाबा, फेलेती, म्हणायचे, "सांग तुझ्या आत्याला, त्याला शार्क खातो. मी पाहिलंय." हा वाद माझ्या जन्माआधीपासूनचा, पण समोरासमोर कधी नाही. आमच्याकडे बहीणभावानं प्रेमाच्या पिक्चरबद्दल एकमेकांशी बोलायचं नसतं, आणि एका छताखाली बसून बघणं तर लांबच राहिलं. पडद्यावर कुणी कुणाचा हात धरला तर दोघांनी तोंड कुठे लपवायचं? म्हणून निरोपांची पोस्टमन मी.

आणि काय सांगू, तोच पिक्चर बोटीनं आला! चर्चच्या हॉलमध्ये एकच खेळ, आणि उद्याच्या बोटीनं परत. वर मोसेसेकाका सांगणार. पूर्वी पडद्याशेजारी माईक घेऊन बसून ते परदेशी पिक्चर आमच्या भाषेत सांगायचे. पडद्यावरची माणसं काहीही बोलोत, मोसेसेकाका सांगतील ते खरं.

मी नाचत आत्याकडे गेले, तर तिनं मला जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "सेलू, कुणाला सांगू नकोस. शेवट मी पाहिलेलाच नाही गं. ऐन वादळात तुझा बाप हॉलमध्ये शिरला आणि मी स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडले. आता एक डोळा गेलाय, दुसरा निघालाय. ह्या वेळी राहिला तर राहिलाच." मला भडभडून आलं. तरी वर म्हणते कशी, "पण तुझ्या बापाला जाऊ दे. त्याला सांग, मी येत नाही."

निरोप घेऊन गेले तर बाबा म्हणाले, "मी येत नाही, तिला जाऊ दे." मी दोघांचे निरोप इमानेइतबारे पोचवले. दोघांचेही चेहरे खुलले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता!

हॉलमध्ये अंधार झाला. पडद्यावर नवराबायको जवळ आले तसं मोसेसेकाकांनी सांगितलं, "आता दोघं रताळ्यांचा भाव ठरवतायत." हॉल खदखदून हसला, आणि मागून डोक्यावर चटई घेतलेल्या कुणीतरी कोंबड्यासारखी बांग दिली. असं आमच्या अख्ख्या बेटावर एकटी आत्या हसते. लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून बाबांचा खोकला. ऐन वादळात दोन सावल्या उठल्या, एक ह्या दारानं, एक त्या दारानं. मी कपाळावर हात मारून पळाले.

बाहेर एकच आंब्याचं झाड. दोघं दोन बाजूंनी तिथेच येऊन पाठमोरी उभी.

"सेलू, तुझ्या बापाला म्हणावं आत जाऊन बस."

"तुझ्या आत्याला सांग, मान तिचा. गेल्या वेळीही हेच हसणं ऐकून मी दारातूनच परत फिरलो होतो."

आत्या गर्रकन वळली. "तू परत फिरला होतास? मग शार्क कुठून आणलास रे?"

"तूही आत्तासारखीच उठली असशील! मग परत आलेला नवरा कुठून आणलास?"

आत्या आंब्याच्या मुळावर बसली. "म्हणजे कुणीच पाहिला नाही. जाऊ दे." ते 'जाऊ दे' मला फार लागलं. बाबा झाडाच्या पलीकडे टेकले. मी हॉलच्या दारात उभी राहिले, एक डोळा आत, एक बाहेर.

मोसेसेकाकांनी त्या दोघांना उठताना पाहिलं असणार. त्यांनी कर्णा खिडकीकडे वळवला आणि आवाज चढवला. पडद्यावर बायको म्हातारी झाली होती, केस पांढरे. तिनं दिवा लावला. समोर नुसता समुद्र, एक होडी नाही.

"आला!" मोसेसेकाका ओरडले. "आला गं बाई! शार्कनं धरला होता, पाय घेऊन गेला मेला. पण घरी बायको जागी आहे म्हटल्यावर माणूस एका पायानंही येतो!"

सगळा हॉल रिकाम्या समुद्राकडे बघत होता. पण 'असं काही दिसत नाही' असा कुणी ब्र काढला नाही. पुढच्या बाकावरच्या एका आजीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

"आला की नाही?" झाडाखालून आत्या.

"शार्क होता की नाही?" बाबा.

आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री पिक्चरबद्दल ती दोघं थेट एकमेकांशी बोलली. मग आत्यानं मला जवळ बोलावलं. "सेलू, तू दारातून पाहिलंस ना? कसा दिसत होता गं तो?"

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "दमला होता, आत्या. पण आल्या आल्या आधी जेवायला मागितलं."

"जेवायला मागितलं?" आत्यानं डोळे पुसले. "मग पिक्चर खरा आहे हो."